उंदराचा पंजा आणि झाडपाल्याची परीक्षा

फार्मसीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एखाद्या औषधी वनस्पतीवर प्रबंध लिहायचा ठरला, की पुढची वाट बरीचशी आखलेली असते. पाला, साल किंवा मूळ गोळा करायचे, सावलीत वाळवायचे, भरड कुटायचे. वनस्पती तीच असल्याचा दाखला पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयातून किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागातून आणायचा. सॉक्सलेटच्या यंत्रात मेथॅनॉल किंवा अल्कोहोल घालून अर्क काढायचा. मग पांढऱ्या उंदरांचे गट पाडायचे. एका गटाला औषधाविना नुसता द्रव, एकाला डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिन, उरलेल्या गटांना अर्काच्या चढत्या मात्रा. थोड्या वेळाने प्रत्येक उंदराच्या मागच्या पंजात कॅराजीननचे इंजेक्शन द्यायचे. पंजा सुजतो. तो किती सुजला हे प्लेथिस्मोमीटर या उपकरणात, पंजा बुडवल्यावर किती द्रव वर सरकला त्यावरून मोजायचे. अर्काच्या गटात सूज कमी भरली, की प्रबंधाच्या शेवटी एक वाक्य येते: या वनस्पतीचा परंपरेतला वापर आता शास्त्राने सिद्ध झाला आहे. हे वाक्य चाचणीच्या इतिहासाला धरून नाही, असे माझे म्हणणे आहे. ही चाचणी वनस्पतींसाठी तयार झालेली नव्हती आणि परंपरा खरी की खोटी हे ठरवण्यासाठी तर नव्हतीच. ती एक चाळणी होती. आपल्याकडे मात्र गेल्या पन्नासएक वर्षांत हळूहळू तिलाच न्यायासनावर बसवले गेले.

सुजेची लक्षणे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होती. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने लाली, सूज, ऊब आणि वेदना ही चार लक्षणे नोंदवली. सुश्रुताने व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था वेगळ्या केल्या आणि शस्त्र केव्हा चालवायचे हे त्यावरून ठरवायला सांगितले. हे निदान रुग्णाच्या अंगावर हात ठेवून करायचे होते. सूज प्रयोगशाळेत मुद्दाम उत्पन्न करून मोजण्याची गरज मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर भासली, आणि ती भासण्याचे कारण औषधनिर्मितीच्या उद्योगात होते. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. दोनच वर्षांत या कामाला नोबेल मिळाले. पण कॉर्टिसोन दीर्घकाळ घेण्याचे दुष्परिणामही लवकरच उघड झाले, आणि स्टेरॉइड नसलेले पण सूज उतरवणारे रसायन शोधण्याची शर्यत सुरू झाली. १९४९च्या सुमारास फेनिलब्युटाझोन बाजारात आले होते. कंपन्यांच्या रसायनशास्त्रज्ञांकडे दर महिन्याला नवनवी संयुगे तयार होत होती आणि त्यांतली कोणती पुढे न्यायची हे झटपट व स्वस्तात ठरवायला हवे होते. इंग्लंडमध्ये बूट्स कंपनीत स्टुअर्ट अ‍ॅडम्स यांनी गिनीपिगच्या कातडीवर अतिनील किरणांनी उठवलेली लाली वापरून शेकडो संयुगे तपासली. त्यातून पुढे आयब्युप्रोफेन निघाले.

अमेरिकेत मर्क कंपनीच्या संशोधन संस्थेत चार्ल्स विंटर, रिस्ले आणि नस यांनी १९६२ मध्ये एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. उंदराच्या मागच्या पंजात कॅराजीनन टोचून उठवलेली सूज ही औषधे तपासायला कशी सोयीची आहे, हा त्याचा विषय. कॅराजीनन हा समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून काढलेला चिकट पदार्थ. आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे लोक हे शेवाळ खात आणि खोकल्यावर घेत, आणि आइस्क्रीम-चॉकलेट दूध घट्ट करायला तो आजही वापरतात. म्हणजे आज ज्या चाचणीत वनस्पतींचे अर्क सूज उतरवतात का हे पाहिले जाते, तिच्यातली सूज मुळात एका शेवाळाच्या अर्कानेच आणलेली असते. या पदार्थाची निवड व्यवहाराच्या हिशेबाने झाली होती. काही तासांत सूज भरपूर येते, उंदरागणिक फार बदलत नाही, आणि मुख्य म्हणजे रुग्णांवर ज्यांचा गुण आधीच सिद्ध झाला होता ती औषधे या सुजेवर आपापल्या जोराच्या क्रमाने परिणाम दाखवतात. चाचणी योग्य आहे याचा पुरावा माणसाकडून आला होता. उंदराने माणसाच्या अनुभवाशी जुळते उत्तर दिले म्हणून त्याला परीक्षक नेमले गेले. त्याच संस्थेतून पुढे आलेले इंडोमेथासिन या परीक्षेत उत्तम ठरले आणि काही वर्षांत औषध म्हणून विकले जाऊ लागले.

या परीक्षेत नेमके काय मोजले जाते हे १९७१ मध्ये जास्त स्पष्ट झाले. डी रोझा, जिरू आणि विलोबी यांनी दाखवले, की कॅराजीननची सूज एका दमात येत नाही. सुरुवातीला हिस्टामिन आणि सेरोटोनिन, मग ब्रॅडिकायनिन, आणि साधारण अडीच तासांनंतर प्रोस्टाग्लँडिन हे पदार्थ तिला जबाबदार असतात. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी सिद्ध केले, की अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या वर्गातली औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. या कामासाठी त्यांना १९८२चे नोबेल विभागून मिळाले. दोन्ही शोध एकत्र ठेवले, की तिसऱ्या तासाचे मोजमाप अ‍ॅस्पिरिनच्या वर्गातल्या औषधांना इतके अनुकूल का ठरते हे कळते. ती औषधे ज्या टप्प्यावर घाव घालतात, नेमका तोच टप्पा तेव्हा चालू असतो. ही चाचणी उमेदवाराला एवढेच विचारते, की तू अ‍ॅस्पिरिनसारखा आहेस का? संधिवात, दमा, आतड्याची जुनाट सूज, न भरणारी जखम यांत चालणाऱ्या दीर्घ प्रक्रियांबद्दल तिला फारसे काही सांगता येत नाही. त्यासाठी कापसाची गोळी कातडीखाली ठेवून तिच्याभोवती वाढणारी ऊती तोलणे किंवा फ्रॉइंडचे अ‍ॅडज्युव्हंट टोचून उंदरात संधिवात घडवणे अशा वेगळ्या पद्धती आल्या. त्या महाग, वेळखाऊ आणि प्राण्याला जास्त त्रास देणाऱ्या आहेत. म्हणून बहुतेक ठिकाणी पंजावरच काम भागवले जाते.

खुद्द अ‍ॅस्पिरिनचा प्रवास मात्र या क्रमाच्या अगदी उलट झाला होता. १७६३ मध्ये चिपिंग नॉर्टनचे पाद्री एडवर्ड स्टोन यांनी विलोच्या वाळलेल्या सालीची पूड हिवतापासारख्या तापाच्या सुमारे ५० रुग्णांना देऊन त्याचा वृत्तांत रॉयल सोसायटीला कळवला. १८२८ मध्ये म्युनिकमध्ये बुखनर यांनी सालीतून सॅलिसिन वेगळे केले. पुढे सॅलिसिलिक आम्ल मिळाले, मग ते कारखान्यात तयार करण्याची रीत सापडली. १८७६ मध्ये डंडीचे डॉक्टर मॅक्लेगन यांनी संधिवाताच्या तापात सॅलिसिन दिले आणि सांध्यांची सूज उतरल्याचे नोंदवले. १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी अ‍ॅसिटिलसॅलिसिलिक आम्ल शुद्ध स्वरूपात बनवले आणि १८९९ मध्ये ते अ‍ॅस्पिरिन या नावाने बाजारात आले. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या या वाटचालीत उंदराचा पंजा कुठेच नाही. रुग्णावर गुण दिसला, मग घटक शोधला, मग त्याची मात्रा नेमकी ठरली, पुन्हा रुग्णावर पाहिले गेले. औषध कसे चालते हे तर सगळ्यात शेवटी कळले.

भारतातही वनौषधीचे सर्वांत गाजलेले यश याच क्रमाने आले, आणि त्यातला निर्णायक भाग मुंबईत घडला. सर्पगंधेच्या मुळाने रक्तदाब उतरतो आणि उन्माद शमतो, हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यातून मांडले होते. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांनी तिचे रसायन आणि प्राण्यांवरचा परिणाम तपासला होता. पण जगाने लक्ष दिले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांच्या १९४९च्या निबंधामुळे. ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांचे, औषधाच्या आधी आणि नंतर मोजलेले आकडे मांडले होते. तो वाचून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी औषध मागवले, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत रेसर्पिन वेगळे झाले. वकिलांनी मोजलेली गोष्ट थेट रुग्णाच्या आजाराची होती, आणि म्हणूनच तिच्यावर पुढचे काम उभे राहू शकले.

सुजेच्या बाबतीत स्वतंत्र भारतात वाट बदलली. लखनौला छत्तर मंझिलमध्ये १९५१ साली केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली, आणि देशातल्या वनस्पतींची पद्धतशीर छाननी हे तिच्या कामांपैकी एक काम ठरले. छाननीसाठी पंजाची चाचणी सोयीचीच होती. हळदीवर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अरोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये काम प्रसिद्ध केले. १९७३ मध्ये लखनौच्या श्रीमल आणि धवन यांनी हळदीतल्या कर्क्युमिनवर निबंध लिहिला, आणि त्याच्या शीर्षकातच कर्क्युमिनला स्टेरॉइड नसलेले सूजरोधक म्हटले. कॅराजीननच्या सुजेवर ते फेनिलब्युटाझोनच्या बरोबरीचे होते, दीर्घकाळच्या सुजेवर मात्र त्याच्या निम्मेच. मापदंड म्हणून फेनिलब्युटाझोन घेणे त्या काळी साहजिक होते. पण रक्तपेशी तयार होणेच थांबवण्यासारख्या घातक परिणामांमुळे ते औषध पुढे अनेक देशांत माणसांसाठी बंद झाले. ज्याच्याशी तुलना करून वनस्पतीला प्रतिष्ठा मिळाली, त्या औषधाचीच प्रतिष्ठा गेली. आणखी एक गोष्ट या ओघात विसरली गेली. चरकाने सूज उतरवणाऱ्या दहा द्रव्यांचा जो गट सांगितला आहे तो बेल, अग्निमंथ, शिवण, पाडळ, टेंटू, रिंगणी, गोखरू वगैरे दशमुळांचा आहे. त्या दहांत हळद नाही. ती लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न अशा दुसऱ्या गटांत येते. सुजेवरच्या लेपांत हळद वापरली जाई हे खरे, पण प्रयोगशाळेने परंपरेलाच प्रश्न विचारला असता तर पहिला मान दशमुळांना मिळायला हवा होता. हळद पुढे आली ती तिच्यातला पिवळा घटक सहज वेगळा करता येतो आणि चाचणीत तो चांगला उतरतो म्हणून.

लखनौच्या या पिढीचे श्रेय मात्र नाकारता येत नाही, कारण ती पंजापाशी थांबली नाही. १९८० मध्ये देवधर, सेठी आणि श्रीमल यांनी संधिवाताच्या १८ रुग्णांवर कर्क्युमिनची फेनिलब्युटाझोनशी तुलना करून पाहिली. १९८६ मध्ये मुंबईच्या सातोस्कर, शाह आणि शेणॉय यांनी हर्निया आणि हायड्रोसीलच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४५ रुग्णांचे तीन गट करून एकाला कर्क्युमिन, एकाला फेनिलब्युटाझोन आणि एकाला प्लासिबो दिले. दोन्ही औषधे प्लासिबोपेक्षा सरस ठरली. रुग्ण थोडे होते, काळ अल्प होता, पण प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला होता. पुढची अडचणही माणसातच उघड झाली. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की २ ग्रॅम कर्क्युमिन नुसते गिळले तर रक्तात ते जवळजवळ सापडतच नाही, आणि सोबत मिऱ्यातले २० मिलिग्रॅम पायपेरिन दिले तर ते कित्येक पटींनी वाढते. हे कळल्यावर उंदराच्या पोटात इंजेक्शनने दिलेल्या अर्काचे निष्कर्ष आणि चमच्याने घेतलेली हळद यांची सांगड सहजासहजी घालता येईना. मिनेसोटाच्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये कर्क्युमिनवरच्या साऱ्या साहित्याचा कठोर आढावा घेतला. हे संयुग अस्थिर आहे, परीक्षानळीतल्या अनेक चाचण्यांत ते खोटे होकार देते, आणि शंभराहून अधिक वैद्यकीय चाचण्या होऊनही खणखणीत यश दाखवता येत नाही, असे त्यांनी म्हटले. दुसरीकडे थायलंडमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रुग्णांवर झालेल्या तुलनेत हळदीचा अर्क चार आठवड्यांत आयब्युप्रोफेनहून कमी ठरला नाही. वाद मिटलेला नाही. पण तो आता माणसांवरच्या पुराव्यावर चालला आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वीचे उंदीर तो मिटवू शकणार नाहीत.

साळईची गोष्ट जास्त बोलकी आहे. सातपुड्याच्या आणि विदर्भ-खानदेशच्या कोरड्या डोंगरांवर वाढणारे हे झाड. त्याचा सुगंधी डिंक धुपात आणि औषधात जाई, आणि त्याचे लाकूड नेपानगरच्या गिरणीत वर्तमानपत्राच्या कागदासाठी लगद्यात जाई. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सिंग आणि अटल यांनी १९८६ मध्ये डिंकाच्या अर्काचा सूजरोधक परिणाम प्रसिद्ध केला, आणि त्यांनीही त्याला स्टेरॉइड नसलेल्या सूजरोधकांच्या पंक्तीत बसवले. पण जर्मनीत ट्युबिंगेनच्या आमोन यांच्या गटाने १९९२ पर्यंत दाखवले, की साळईतली बॉस्वेलिक आम्ले अ‍ॅस्पिरिनच्या वाटेने जात नाहीत. ती ५-लिपॉक्सिजनेज या दुसऱ्याच विकराला अडवतात. प्रयोगशाळेने ज्या वर्गाचे लेबल लावले होते त्या वर्गातले हे औषध नव्हते. मग नागपूरच्या किंमतकर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ३० रुग्णांवर दुहेरी अंध चाचणी घेतली. अर्काने वेदना कमी झाल्या, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरण चित्रात मात्र काही फरक दिसला नाही. चाचणी छोटी आहे, पण तिच्यातून रुग्णाला काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे दोन्ही कळते. पंजाच्या कोणत्याही प्रयोगातून हे कळले नसते.

असे असताना पंजा मोजण्याची पद्धत आपल्याकडे प्रथा कशी झाली? कारणे समजण्यासारखी आहेत. फार्मसी महाविद्यालये वाढली आणि दर वर्षी नवे प्रबंध हवे झाले. उपकरण स्वस्त, एका दिवसात आकडे हाती, आणि वनस्पती तर वाटेल तितक्या. गाईडला पद्धत ठाऊक, परीक्षकाला ठाऊक, नियतकालिकांनाही ओळखीची. रुग्णांवरच्या चाचणीला रुग्णालय, नैतिकता समिती, संख्याशास्त्रज्ञ, विमा आणि काही वर्षे लागतात. फार्मसीच्या विद्यार्थ्याकडे यांतले काहीच नसते. त्यामुळे चाळणीवरचा धान्याचा ढीग वाढत गेला, पण खाली दळण कधी पडलेच नाही. प्रथेचे काही दोषही कायमचे झाले. अर्काच्या मात्रा बहुधा १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम प्रतिकिलो अशा गोल आकड्यांत घेतल्या जातात. शरीराच्या पृष्ठभागावर आधारलेल्या नेहमीच्या हिशेबाने उंदराची ४०० मिलिग्रॅम मात्रा माणसात सुमारे ६५ मिलिग्रॅम प्रतिकिलो होते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज जवळजवळ ४ ग्रॅम अर्क. वनस्पतीतून शेकडा दहा अर्क निघतो असे धरले तर ती ४० ग्रॅम वाळलेली वनस्पती झाली. कोणताही वैद्य इतके चूर्ण कुणाला रोज देत नाही. मग सिद्ध झालेला वापर परंपरेतला कसा? शिवाय पोटात टोचलेला कोणताही दाहक पदार्थ दूरच्या पंजातली सूज काही अंशी कमी करू शकतो आणि प्राण्यावरच्या ताणाने त्याची स्वतःची स्टेरॉइडे वाढतात, हे औषधशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे. त्यामुळे अर्क विषारी असणे आणि गुणकारी असणे यांतला फरक या चाचणीत पुसट होतो. टॅनिन, फ्लॅव्होनॉइड यांसारखी द्रव्ये बहुतेक वनस्पतींत असतात, भरपूर मात्रेत काही ना काही परिणाम दिसतोच, आणि परिणाम न दिसलेले प्रयोग छापायला कुणी फारसे पाठवत नाही. ज्या परीक्षेत जवळजवळ सगळेच उत्तीर्ण होतात, तिच्या निकालावरून निवड करता येत नाही.

यावर पहिला आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो. हजारो वर्षे माणसांनी वापरलेल्या औषधाला उंदराचे प्रमाणपत्र हवेच कशाला? या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. दीर्घ वापर हा सुरक्षिततेचा, तोही लगेच दिसणाऱ्या परिणामांपुरता, उपयोगी पुरावा असतो आणि कुठे शोधायचे हे तो सांगतो. गुणाची खात्री त्याने होत नाही, कारण बहुतेक दुखणी आपोआपही कमी-जास्त होत असतात. हळदीच्या पेटंटचा वाद इथे आठवावा. जखमा भरण्यासाठी हळदीच्या वापराचे अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, आणि १९९७ मध्ये ते रद्द ठरले. परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही पुराव्यात मांडला होता. तो विजय मोठा होता. पण हा वापर नवा नाही, एवढेच त्या खटल्यात सिद्ध झाले. हळदीने जखम किती लवकर भरते हा त्या खटल्यातला प्रश्नच नव्हता. लोकांच्या बोलण्यात मात्र दोन्ही गोष्टी एकच झाल्या, आणि पंजाच्या प्रबंधांनीही हाच गोंधळ वाढवला.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. प्राण्यांवर तपासल्याशिवाय थेट माणसाला औषध द्यायचे का? नवे रसायन असेल तर अजिबात नाही. पण पंजाची चाचणी सुरक्षिततेची चाचणी नव्हे. यकृत, मूत्रपिंड, गर्भ यांवरच्या परिणामाचे प्रयोग वेगळे असतात, आणि ते पंजापुढे मागेच पडतात. हळदीच्या प्रक्रिया केलेल्या, जास्त शोषल्या जाणाऱ्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे इटलीसह काही देशांत झाल्या आहेत. अर्क जितका तीव्र करावा तितका तो स्वयंपाकघरातल्या वस्तूपासून दूर जातो, आणि परंपरेतल्या सुरक्षिततेचा दाखला त्याला लागू राहत नाही. विद्यार्थ्यांना पद्धत शिकायला हवी हे मान्य. पण शिकण्यासाठी आणि सिद्ध करण्यासाठी केलेला प्रयोग यांत भेद ठेवला, तर पहिल्यासाठी इतके प्राणी लागणार नाहीत. प्राण्यांची संख्या घटवा, जमेल तिथे पर्याय वापरा, त्रास कमी करा, हे रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच सांगितले होते. आपल्या प्राणीप्रयोग नियमांचा रोखही तोच आहे. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रश्नासाठी प्राणी मारणे यात कुठेच बसत नाही.

तिसरा आक्षेप वैद्यांचा, आणि तो सर्वांत विचारात घेण्यासारखा आहे. आयुर्वेद एकेका अर्काने नव्हे तर योगाने, रुग्णाची प्रकृती आणि रोगाची अवस्था पाहून उपचार करतो, मग मेथॅनॉलच्या अर्काची परीक्षा म्हणजे आयुर्वेदाची परीक्षा कशी? ती नाहीच. पण या आक्षेपाचे उत्तर परीक्षा टाळण्यात नाही, हे पुण्यात दिसून आले. संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदिक योग घेऊनच दुहेरी अंध चाचण्या केल्या. आमवातावरच्या १८२ रुग्णांच्या १६ आठवड्यांच्या चाचणीचा निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाला. प्लासिबो घेणाऱ्यांतही बऱ्याच जणांना बरे वाटले होते, त्यामुळे औषधाची आघाडी मोजक्याच बाबतींत ठोस ठरली. हे त्यांनी लपवले नाही. नंतर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय प्रकल्पातून, गुडघ्याच्या संधिवाताच्या ४४० रुग्णांवर दोन प्रमाणित आयुर्वेदिक योगांची ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिबशी २४ आठवडे तुलना झाली, आणि तिचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला. योग या औषधांच्या बरोबरीचे ठरले. त्याच वेळी योग घेणाऱ्या सात रुग्णांत यकृताचे एक विकर लक्षण नसताना वाढल्याचे आणि औषध थांबवल्यावर उतरल्याचेही नोंदवले गेले. आयुर्वेदाचा खरा सन्मान या कामाने केला आहे. योग योगच राहिला, रुग्ण रुग्णच राहिला, आणि गुणासोबत दोषही कागदावर आला.

शेवटी एक शंका उरते. अशा मोठ्या चाचण्या मोजक्याच होणार. मग चाळणी टाकून दिली तर हजारो वनस्पतींतून निवड कशी करायची? चाळणी टाकावी असे म्हणणे नाही. तिची जागा ओळखावी. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य यांनी उलट्या दिशेच्या औषधशास्त्राचा आग्रह धरला आहे: आधी वैद्याच्या रुग्णांची काटेकोर नोंद, मग छोटी चाचणी, आणि मग कारण शोधण्यासाठी प्रयोगशाळा. अ‍ॅस्पिरिन आणि सर्पगंधा याच वाटेने आली होती. या क्रमात पंजाच्या चाचणीला काम आहे. गुण ठाऊक असलेल्या औषधाचे दोन अर्क सारखे आहेत का, कोणत्या अंशात गुण उतरला, हे ती चांगले सांगते. ठाऊक नसलेल्या गुणाचा दाखला तिने देऊ नये.

म्हणून विद्यापीठांच्या संशोधन मंडळांकडे आणि नियतकालिकांच्या संपादकांकडे मागणी साधी आहे. अर्कावरच्या प्रत्येक प्रबंधात चार गोष्टी असल्याच पाहिजेत: वनस्पतीचा जतन केलेला नमुना, अर्कातल्या ओळखीच्या घटकाचे प्रमाण, परंपरेतली मात्रा व ती देण्याची रीत यांच्याशी प्रयोगातल्या मात्रेचा हिशेब, आणि हा प्रयोग कोणत्या रुग्णचाचणीला मदत करणार आहे याचे उत्तर. ज्या प्रबंधात चौथे उत्तर नाही, त्याच्या शेवटी ‘परंपरा सिद्ध झाली’ हे वाक्य छापू नये. आणि वाचकाने औषधाच्या बाटलीवर ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असे वाचले, तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: उंदरावर की माणसावर?